चावलं तर परत

"घरात कुणाला चावलंय का हे?" पिल्लाचा कान उलटा करून आत टॉर्च मारत डॉक्टरांनी विचारलं.

"छे छे," मास्तर म्हणाले. "गरीब आहे बिचारं." आणि त्यांनी उजवा हात खिशात सरकवला. शेजारी सून उभी होती. तिने खिशाकडे पाहिलं की काय, हे पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या पँटी शिवल्या, त्यावरून पडलेलं हे नाव. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात 'हो', 'नको' आणि 'जेवलो' एवढेच शब्द त्यांच्या तोंडून निघत होते. मग तीन आठवड्यांपूर्वी दुकानामागच्या रिकाम्या खोक्यांत हे पिल्लू कुंईकुंई करताना सापडलं. आईचा पत्ता नव्हता. मास्तरांनी ते सदऱ्यात घालून घरी आणलं, त्याचं नाव बटण ठेवलं आणि बोलायला लागले. बोलायचे बटणाशीच, पण घरात त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

सुनेला कुत्र्यांचं वावडं. तिने दारातच अट घातली होती. "बाबा, ठेवायचं तर ठेवा. पण घरात पाच वर्षांची पोर आहे. कुणालाही चावलं, तर त्याच दिवशी परत. मग मला गळ घालायची नाही." मुलगा नोकरीसाठी परगावी. घरात शब्द चालायचा तो सुनेचा आणि तो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गुरुवारी बटणाने मास्तरांच्या अंगठ्यात दात रुतवले. रागाने नव्हे, चिंधीची ओढाओढ करता करता. चार थेंब रक्त आलं. मास्तरांनी नळाखाली हात धुतला, अंगठ्याला पट्टी गुंडाळली आणि सुनेला सांगितलं, "सुई घुसली." ती फक्त "बरं" म्हणाली. शिंप्याला सुई लागणारच.

तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. पण त्यांनी आपल्यापुरता एक तोडगा काढला. बटणाला लस टोचली की त्याचं विषबिष जे काय असेल ते मरणार, आणि आपल्याला चावल्याचंही त्यात मिटणार. मग कशाला कुणाला सांगा? त्यांनी प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीने पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. त्यांनी आणखी तीनदा फोन करून तिला इतकं पिडलं, की तिने वैतागून सोमवारची सकाळ दिली. गुपचूप जाऊन यायचा बेत होता. पण सुनेने कामावरून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "मीही येते," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी पिल्लाचं वजन केलं, जंताचं औषध पाजलं आणि मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई टोचली. बटण एकदाच केकाटलं. मास्तरांनी मोठा श्वास सोडला.

"झालं ना? आता चावलं तरी भीती नाही?"

"ही ती लस नव्हे," डॉक्टर म्हणाले. "ही उलट्या-जुलाबाच्या साथीची. पिसाळण्याविरुद्धची महिन्याभराने, हे तीन महिन्यांचं झालं की. आणि तीसुद्धा याच्यासाठी. याला टोचून, याने चावा घेतलेला माणूस वाचत नाही, त्याने स्वतःच टोचून घ्यावं लागतं. रस्त्यावरचं पिल्लू आहे, आईला काय होतं ठाऊक नाही. तो आजार एकदा वर आला की कुणाच्या हातात काही राहत नाही. म्हणून पुन्हा विचारतो. कुणाला चावलंय?"

स्वतःपुरतं असतं तर मास्तर गप्प बसले असते. सत्तरी उलटली होती, जगायचं ते जगून झालं होतं. पण काल दुपारी नात या पिल्लाच्या पोटात नाक खुपसून झोपली होती, आणि आता डोळ्यांसमोर तेवढंच दिसत होतं. त्यांनी हात खिशातून काढला.

"मला चावलंय. गुरुवारी. सुई लागली म्हणून थाप मारली." मान वर न करता ते म्हणाले, "पोरीला दात लागलेला नाही. पण तिलाही तपासा."

डॉक्टरांनी पट्टी सोडून अंगठा पाहिला. "इथून थेट माणसांच्या दवाखान्यात जायचं. उशीर केलात, पण वेळ गेलेली नाही. चिठ्ठी देतो." त्यांनी कागद पुढे ओढला.

बटण टेबलावर उभं राहून मास्तरांच्या बाहीचं टोक ओढत होतं. मास्तरांनी ते हळूच सोडवून घेतलं. रडू आवरेना.

"जाता जाता त्याला दुकानामागे सोडू," ते सुनेला म्हणाले. "अट म्हणजे अट. तुझं चुकलं नाही काही. मीच खोटं बोललो."

सुनेने पिल्लाला उचललं, पहिल्यांदाच, आणि डॉक्टरांकडे वळली.

"चिठ्ठीवर दोन नावं लिहा, डॉक्टर. मला मंगळवारीच चावलंय."