दुसरी तारीख

लेक झोपली तशी मी कपाटातला एक चांदीचा पेला पिशवीत घालून नावं कोरणाऱ्याकडे गेले. परतले, तर सासरे त्या मोकळ्या जागेसमोर उभे.

तरुणपणी ते नौदलाच्या विमानांवर मेकॅनिक होते. तेव्हाच्या वैमानिकांचे नाव कोरलेले पेले ते जुन्या बाजारांतून शोधून आणतात. दुपारच्या उन्हात ते पेले तरंगल्यासारखे दिसतात. प्रत्येकावर दोन तारखा, तुकडीत आल्याची आणि निरोपाची. मी नेलेल्या पेल्यावर दुसरी नव्हती. ती मला सासऱ्यांच्या वहीत सापडली होती. समुद्रावर गेलेलं विमान परतलं नाही, तो दिवस.

"कुठे गं नेला होतास?"

"तारीख कोरायला, अप्पा. उद्या तुमचा वाढदिवस म्हणून."

"कोरली?" मी पिशवीतून काढलेल्या पेल्यावरून त्यांचं बोट फिरत राहिलं.

"दुकान बंद होतं."

ते हळूच खुर्चीत बसले. "ती निरोप दिल्यावर कोरतात, पोरी. याला आम्ही निरोप दिलाच कुठे?"

खाडीवरून विमान गेलं. लेक जागी झाली. अप्पांनी तिला खिडकीशी नेलं. तिला अजून टाटा करता येत नाही. आभाळाकडे हात पसरून ती म्हणाली, "ये, ये."