केसावरची धार

केस वाकला, पण तुटला नाही.

मोखेलेने वस्तरा खाली घेतला आणि बायकोकडे पाहिलं. "अजून एक दे."

मापालेसाने डोक्यावरचा रुमाल सरकवून आणखी एक केस उपटला. त्याने मूळ चिमटीत धरलं आणि दुसरं टोक पात्यावर टेकवलं. हाही केस आळसटपणे बाजूला कलला. धार लागली असती तर नुसता टेकताच, आवाज न करता, तो खाली पडायला हवा होता.

"काल पडला होता. तू पाहिलास ना?"

"पाहिला की."

"मग रात्रीतून काय झालं? उंदरांनी दाढ्या केल्या की काय याने?"

तो हसला. हसताना खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत मापालेसाने त्याची पाठ धरून ठेवली. पाठ कसली, नुसता सापळा. सोन्याच्या खाणीतली अर्ध्या आयुष्याची धूळ छातीत घेऊन तो लेसोथोत, आपल्या डोंगरात, परत आला होता. आता औषधं देणारी नर्सही त्याच्या नजरेला नजर देत नव्हती.

खाणीच्या वसतिगृहात दर रविवारी दाढीसाठी याच्यासमोर रांग लागायची. मोठमोठे गडी गळा उघडा टाकून, डोळे मिटून बसायचे आणि कित्येकजण तिथेच घोरायला लागायचे. अशा माणसाला आता धार जमेना. महिनाभर तो उन्हात भिंतीला टेकून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसत होता. आधी दगड, मग चामड्याचा पट्टा, मग केस; आणि धार टिकली का हे पाहायला दुसऱ्या सकाळी पुन्हा केस. आणि केस बायकोचाच हवा. एकदा त्याच्या आईने आपला देऊ केला, तर म्हणाला, "तुझा नको, आई."

म्हातारीने रुमाल कानामागच्या जुन्या व्रणावर ओढून घेतला, लापशीचं भांडं ठेवलं आणि निघून गेली.

मापालेसाला काळजी वेगळीच होती. मोखेलेने दाढी करणं सोडून दिलं होतं. गालांवर रान माजलं होतं. एवढी धार लावताय तर आणा, मीच करते तुमची, असं ती म्हणाली, तेव्हा तो तुटकपणे म्हणाला, "दाढीसाठी नाही हा." मग कशासाठी, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. त्याच आठवड्यात दम लागून जीव कासावीस झाला असताना तो म्हणाला होता की आता सुटलो तर बरं. तिने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि तिची नजर वस्तऱ्यावरून त्याच्या गळ्याकडे गेली.

वस्तरा लपवला तर तो दुसरा मागवील. तोंडावर विचारलं तर नाही म्हणेल आणि जास्तच सावध होईल. म्हणून तिने आपला मार्ग काढला. दुपारी तो पेंगला की ती वस्तरा उचलायची, घरामागे जाऊन मका भरडायच्या पाट्यावर धार एकदाच हलकी ओढायची आणि होता तिथे आणून ठेवायची. पात्याकडे पाहून कोणाला काही कळलं नसतं.

"माझा हात गेला गं," तो म्हणायचा आणि तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. हात कुठला जायला! रोज सकाळी बिचारा पहिल्यासारखी धार लावत होता. पण हात गेला म्हणून रडला तरी चालेल, माणूस राहिला पाहिजे, असं ती स्वतःला बजावायची. मुलगी पालेसा लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली होती. घरात तिला बोलायला एवढा एकच माणूस उरला होता.

थोरला दीर सेचाबा अधूनमधून येऊन बसायचा. मेंढ्यांची लोकर कातरणारा राकट गडी. दोघे भाऊ हळू आवाजात बोलायचे आणि ती आली की हवापाण्यावर घसरायचे. हा भावाचा निरोपच घेतोय, असं तिला वाटायचं.

डोंगरावर बर्फ दिसू लागलं त्या सकाळी केस पात्यावर टेकला आणि पडला. आदल्या दुपारी तो पेंगलाच नव्हता, त्यामुळे तिला वस्तरा उचलता आला नव्हता. मोखेले कितीतरी वेळ जमिनीवरच्या केसाकडे बघत राहिला. मग त्याने वस्तरा मिटला, स्वच्छ रुमालात बांधला आणि तिच्या हातात दिला.

"पेटीत ठेव. आता याला कोणी हात लावायचा नाही."

पेटीची किल्ली त्याच्याच उशाखाली असायची. तिने वस्तरा पेटीत ठेवला, पण त्याआधी पाट्यावर चांगला दाबून दाबून ओढला. आता तो पुन्हा तपासणार नव्हता, त्यामुळे कसर ठेवायचं कारणच नव्हतं.

थोड्याच दिवसांनी मोखेले गेला. झोपेत, तिचा हात हातात धरून. तिने ऊर फाटेस्तोवर आक्रोश केला, तरी आत कुठेतरी तिला समाधान होतं. तो आपल्या मरणाने गेला होता. शेवटचे ते दिवस तिने त्याला मिळवून दिले होते.

दफनानंतरच्या सकाळी घरची माणसं अंगणात जमली. सुतकात सगळ्यांची डोकी भादरायची, त्यात पहिलं विधवेचं, आणि ते काम थोरल्या दिराचं. मापालेसा चटईवर बसली. सासूने तिचे केस भिजवले. सेचाबाने पेटीतून मागवलेला रुमाल सोडला.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "बाबा गेले तेव्हा काकांनी बोथट पात्याने आईचं डोकं सोललं होतं. मोखेले एवढासा होता, रक्त तोच पुसत होता. म्हणून तर महिनाभर घासत बसला हा. मला म्हणाला, दादा, तुझा हात मेंढ्यांचा. पण धार अशी लावून ठेवतो, की तिला कळणारसुद्धा नाही."

मापालेसाने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण तोवर सेचाबाने तिची मान खाली दाबली होती, आणि वस्तरा पहिल्याच केसांत अडकला.