दिसणारं दुखणं

“धा वाजलं! आता तरी ऊठ की.” शालूबाईंनी क्रांतीच्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

क्रांती उठून बसली. तेवढ्यानंच दमली. सहा महिने असंच चाललं होतं. जेवण जात नव्हतं, झोप लागत नव्हती, पाठ आणि डोकं सतत दुखायचं. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं व्यवस्थित निघालं. शेवटी डॉक्टरांनी नैराश्य आहे असं सांगून गोळ्या लिहून दिल्या.

“अंगात कायबी न्हाई, मग दुखतंय काय?” शालूबाई विचारायच्या. घरात कुणी गेलं नव्हतं, भांडणतंटा नव्हता, नवरा जीव लावणारा. “सोंग हाय नुसतं,” असं त्यांनी उचगावातल्या चार घरांत सांगून ठेवलं होतं. सुनेला चहाचा कप म्हणून कधी हातात दिला नाही. विश्वजित आईला समजावून समजावून थकला.

मार्चमध्ये एके दुपारी तो फौंड्रीतून लवकर घरी आला. हातात दवाखान्याची जाड फाईल होती. आईसमोर फरशीवर बसला.

“आई, कॅन्सर निघालाय.”

शालूबाईंची नजर आतल्या खोलीकडं गेली. “अगं बया! पोरीला?”

विश्वजित आईच्या तोंडाकडं बघत राहिला. बराच वेळ. मग त्यानं होकारार्थी मान हलवली.

“आणि मी सोंग म्हणत हुते!” शालूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“मी नसताना हिच्याकडं तुलाच बघायचं हाय, आई. शब्द दे.”

“दिला रं बाबा, दिला.”

आणि शालूबाईंनी शब्द पाळला. सकाळी क्रांतीचं डोकं तेल लावून चेपायच्या. गोळ्या वेळेवर द्यायच्या. म्हशीचं दूध आधी तिच्या पेल्यात, मग बाकीच्यांना. रविवारी पायाचा रस्सा करून गरम गरम वाटी तिच्यापुढं ठेवायच्या. क्रांती अर्धी वाटी हळूच नवऱ्याकडं सरकवायची.

“त्याला काय धाड भरलीया? तू पी,” म्हणत शालूबाई वाटी परत फिरवायच्या. विश्वजित हसायचा.

दर तीन आठवड्यांनी मंगळवारी दोघं कोल्हापुरात दवाखान्यात जायची. संध्याकाळी परतल्यावर विश्वजित भिंतीकडं तोंड करून पडायचा. “दुखणं बायकोला, आणि लोळतोस तू!” शालूबाई कावायच्या आणि त्याला धारा काढायला उठवायच्या. तो मुकाट उठायचा. काळजीनं पार वाळला होता. मे महिन्यात त्यानं डोक्याचा चमनगोटा करून घेतला. म्हणाला, “हिचं केस जाऊ नयेत म्हणून नवस बोललोय.”

नवस पावला. क्रांतीचा एक केस गळला नाही. उलट ती दोन घास जास्त खायला लागली. पहाटे आपणहून उठायला लागली. एके दिवशी म्हणाली, “आत्ती, सरका, भाकरी मी थापते.” शालूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या चिमणाबाईला त्यांनी अभिमानानं सांगितलं, “औषधापेक्षा माझा रस्सा लागू पडला बघ.”

जुलैतल्या मंगळवारी दोघं घाईत डबा न घेताच गेली. शालूबाईंनी डबा भरला, केएमटीची बस पकडली आणि विचारत विचारत वॉर्ड गाठला.

“पेशंटचं नाव, मावशी?” सिस्टरनं विचारलं.

“क्रांती विश्वजित चौगुले. माझी सून हाय.”

सिस्टरनं यादी वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली. “ह्या नावाचं कुणी न्हाई. चौगुले एकच हाईत. या माझ्या मागनं.”

शेवटच्या खाटेपाशी जाऊन तिनं पडदा सारला. स्टुलावर क्रांती बसली होती. खाटेवर, हाताला सलाईन लावलेला, विश्वजित होता.