नुसती वापरून बघताना

घरचा कंप्युटर रडतखडत चालत होता, म्हणून त्याने पेनड्राइव्ह लावून फुकटची नवी ऑपरेटिंग सिस्टीम चालू केली. “मशीनमध्ये टाकली नाहीये, चारपाच दिवस नुसती वापरून बघतो,” तो गरोदर बायकोला म्हणाला. “बंद केली की हिच्यात साठवलेलं सगळं आपोआप पुसलं जातं.”

“तुझे उद्योग! बाळ आल्यावर बघते, कुठून वेळ मिळतो ते.”

त्याच आठवड्यात वडिलांचं स्वरयंत्र काढायचं ऑपरेशन होतं. स्ट्रेचर आत नेताना त्यांनी त्याचा हात धरला. “काल तुम्ही दोघं कामावर गेल्यावर नातवंडासाठी कंप्युटरवर गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्यात. आजोबाचा आवाज कळायला नको त्याला? आणि कंप्युटर आठवणीने बंद केलाय, ओरडू नकोस.”

तो काही बोलायच्या आत दार लागलं. त्याने ते ठोठावून उघडायला लावलं, तोवर भूल चढली होती.

शुद्धीवर आल्यावर वडिलांनी सुनेच्या पोटाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे, आणि भुवया उंचावल्या.



“हो बाबा,” तो म्हणाला, “सगळ्या ऐकवल्या.”