कार्डावरचं नाव

"माझं नाव कुठं हाय, ताई?" काचेच्या पेटीवर वाकून छगनमामांनी विचारलं.

मोनिकानं दाराकडे पाहिलं. पेटीत काळ्या मखमलीवर अमोनाइट, शंखासारखा वेटोळा जीवाश्म, ठेवला होता आणि त्याच्यापुढे एक पांढरं कार्ड. नगरच्या कॉलेजात आज भूशास्त्राच्या दालनाचं उद्घाटन होतं. संस्थेचे सचिव आबासाहेब पाहुण्यांना घेऊन दाराशी उभे होते. छगनमामा काष्टीहून पहिल्या एसटीनं आले होते, धुतलेलं धोतर नेसून, नवी टोपी घालून. सोबत बायडामामी.

दोन वर्षांपूर्वी प्रा. मोनिका शिरसाठ एका परिषदेसाठी इंग्लंडला गेली होती. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर, ओहोटी लागल्यावर, तिला हा गोटा सापडला. नारळाएवढा, करड्या रंगाचा. एका कडेला शंखाच्या वेटोळ्याची जेमतेम बोटभर रेघ दिसत होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा जीव आत दगड होऊन बसला होता. नगरला आणून तिनं स्वतः छिन्नी लावली, तर पहिल्याच घावाला कपचा उडाला. पुन्हा हात लावायची तिची छाती झाली नाही.

तेव्हा तिला माहेरच्या गावचे छगनमामा आठवले. छगन धोत्रे, काष्टीत घरोघर पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारे. मिक्सर आले आणि त्यांना कुणी बोलवेनासं झालं. मामांनी गोटा पाण्यात बुडवला, बाहेर काढला आणि तो वाळेपर्यंत एकटक बघत बसले. "वरचं अन् आतलं सारकं वाळत न्हाई," ते म्हणाले. "ह्या सांद्यातनं जायाचं."

सायकलच्या चाकाचे आरे घासून त्यांनी सुया केल्या. आठ महिने, आठवड्यातून दोनदा, ते प्रयोगशाळेच्या फरशीवर पोतं टाकून, दगड दोन्ही पावलांत धरून बसत. एकदा कपची डोळ्यात गेली, तर पुढच्या खेपेला डोळ्यावर पट्टी बांधून आले. शेवटचा थर त्यांनी सुईनं खरवडून, फुंकरीनं उडवला. वेटोळ्यावरच्या बारीक, एकसारख्या रेघा उघड्या पडल्या तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली आणि रेघांवरून अंगठा फिरवला.

"ताई, माझ्या आदी ह्याला कुनी टाकी लावली?"

त्या दिवशी त्यांनी एकच मागणं केलं. "उभ्या जन्मात लई पाट्यास्नी टाकी लावली. पन कुटल्याच पाट्यावर माझं नाव न्हाई. ह्याच्यापशी तेवढं घाला."

"घालणारच, मामा," मोनिका म्हणाली होती. आणि तेव्हा ती खरंच बोलली होती.

पण पुढे बढतीच्या फायलीला या दालनाचे फोटो जोडायची वेळ आली. हे नाजूक काम गावच्या टाकीवाल्यानं केलं, असं समितीनं वाचलं तर? कार्डाचा नमुना छापखान्यातून आला तेव्हा तिनं मामांच्या नावाची ओळ खोडून ‘कोरकाम’ हा शब्द आपल्या ओळीत घातला. उरली ती एवढीच : शोध, कोरकाम व मांडणी – प्रा. मोनिका शिरसाठ. छगनमामांना अक्षर वाचता येत नाही, हे ओळ खोडताना तिला ठाऊक होतं.

"कुठं हाय, ताई?" मामांनी पुन्हा विचारलं. आबासाहेब पाहुण्यांसह पेटीकडे येऊ लागले होते.

मोनिकानं स्वतःच्या नावाखाली बोट ठेवलं. "हे बघा, इथं. छगन महादू धोत्रे."

"बापाचं बी घातलं?"

"हो, मामा."

मामांनी टोपी काढली. मोनिकानं दाखवलं होतं तिथंच काचेवर बोट टेकवलं आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवलं. मग मामींना पुढे ओढलं. "बघ. नीट बघ." मामी कार्डापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. "छान हाय," त्या म्हणाल्या. एका विद्यार्थिनीनं त्या दोघांचा, मधे कार्ड येईल असा, फोटो काढला. मामा फोटोत हसले.

मोनिका त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. तिला आता हलकं वाटत होतं. फाईल एकदा पुढे गेली की कार्ड बदलून टाकू, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. मामा रिक्षा थांबवायला लगबगीनं पुढे झाले. रिक्षावाल्यालाही ते काहीतरी सांगत होते, हातवारे करून.

मामी मागे रेंगाळल्या. पदर सावरत त्या हळूच म्हणाल्या, "ताई, त्यो फोटू आमच्या मोबाईलवर धाडू नगा."

"का हो, मामी?"

"नात चौथीला हाय. तिला बी माझ्यागत वाचाया येतं."