ऊन चढायच्या आत

"साहेब, सगळे हाच नेतात," म्हणत दुकानदाराने ब्रेकर माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवला. विचारलं मी होतं. पंधरा मिनिटं हेच चाललं होतं, प्रश्न माझे आणि उत्तरं ह्यांना. ह्यांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. घरातला फ्यूज कायम मीच घातला.

ह्यांनी ब्रेकर माझ्याकडे दिला. मी त्याच्या कडेवरची बारीक अक्षरं वाचली. "हा एसी विजेचा आहे. आमच्या छतावरच्या सोलर पॅनेलमधून डीसी येणार. त्याचा द्या."

"वीज ती वीज, साहेब. डब्यातल्या पट्टीवर दोन्ही सारखेच बसतात," तो पुन्हा ह्यांनाच म्हणाला.

"बसतात सारखेच," मी म्हटलं. "पण एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, म्हणून आतली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. भर उन्हात पॅनेल जोरात असताना ब्रेकर पडला तरी ठिणगी जळत राहते आणि डबा पेट घेतो. आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं हेच शिकवलंय मी."

त्याने शिडी लावून वरच्या फळीवरचा खोका काढला, धूळ पुसली आणि या वेळी माझ्यासमोर ठेवला. मी व्होल्ट वाचले, ब्रेकर काउंटरवरच्या नमुन्याच्या पट्टीवर दाबला. टक्कन बसला.

आम्ही पायरी उतरलो, तोच तो मागून आला. "मॅडम, गेल्या महिन्यात माझ्याच घरावर पॅनेल बसवलेत. ब्रेकर मीच निवडले, हेच एसीवाले. जरा बघायला याल?"

मी पिशवी ह्यांच्या हातात दिली.

"चला," मी म्हटलं, "ऊन चढायच्या आत."