सोडलेलं प्रकरण

"भयकथा बारीकच बरी. दीडशे पानांपुढे भूतसुद्धा दमतं," उशीला टेकून सासूबाई म्हणाल्या. "आणि रहस्यकथेत खुनी घरातलाच असतो. इथे हा दिवाणजीच असणार. वाच पुढे!"

वैजूने पुस्तक मिटलं. "शेवटचं प्रकरण चातुर्मासापुरतं सोडलंय, आई. कार्तिकी झाली की वाचेन."

"लोक कांदा-वांगी सोडतात गं!"

डॉक्टरांनी दिवाळीचीही खात्री दिली नव्हती. पण खुनी कळल्याशिवाय सासूबाई जायच्या नाहीत, एवढा वैजूला विश्वास होता.

द्वादशीला पारणं आटोपून तिने ते प्रकरण वाचलं. खून दिवाणजीनेच केला होता. शेवटचं पान मात्र ती रेंगाळत, शब्द लांबवत वाचत राहिली.

सासूबाईंनी तिचा हात थोपटला. "दिवाणजीला ओळखलं, तसं तुझं व्रतही ओळखलं होतं मी. आता लायब्ररीतून दुसरं आण. या खेपेला चांगलं जाडजूड!"